एक तारखेचा पगार आणि आपलं साहित्य

माझं रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांज्यात झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, २०११ पासून. सातबारा, फॉर्म, लग्नपत्रिका, क्रिकेटच्या टुर्नामेंटची पोस्टरं हे रोजचं काम, आणि अधूनमधून पुस्तकं. म्हणजे लोक हाताने लिहिलेलं बाड घेऊन येतात, मी ते टाइप करतो, पानं लावतो, पीडीएफ करून देतो. त्यामुळे आपल्या भागात कोण लिहितं, किती लिहितं आणि त्यातलं छापून कोणाचं येतं हे मला भाषणं करणाऱ्या साहित्यवाल्यांपेक्षा जरा जास्त माहीत आहे, असा माझा समज आहे, आगाऊपणा म्हणा हवं तर. छापून येतं ते रिटायर्ड मास्तरांचं, बँकवाल्यांचं, डॉक्टरांचं, नाहीतर ठाण्या-डोंबिवलीला आयुष्य काढून गावचं घर रिपेअर करून येऊन बसलेल्या साहेबांचं. वाईट लिहितात असं नाही. काही जण फार सुंदर लिहितात. पण लिहिणारे एवढेच आहेत असं तुम्हाला वाटत असेल तर माझ्या दुकानात आठवडाभर बसा.

गेल्या श्रावणात बाजूच्या वाडीतले एक शाहीर आले. सत्तरीचे. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दोनशे पानी वही, पुठ्ठा सुटू नये म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून रबरासारखी लावलेली. आत बॉलपेनने पानाच्या दोन्ही बाजूंनी, समासात पण, जाखडीची, म्हणजे आपल्याकडच्या गणपतीतल्या नाचाची, गाणी. गण, गवळण, मग समोरच्या पार्टीला घातलेले सवाल, त्यांनी घातलेल्या सवालांची उत्तरं, हरिश्चंद्रापासून कोकण रेल्वेपर्यंत विषय, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गुरूचं आणि स्वतःचं नाव बरोबर मात्रेत बसवलेलं. अशा अकरा वह्या होत्या म्हणाले, दोन वाळवीने खाल्ल्या. मी म्हटलं, शाहीर, पुस्तक करूया काय? तर म्हणाले, "पुस्तक कशाला रे, गानी काय वाचायची अस्तात काय, नातवाला म्हनायला पायजे, जरा मोट्या अक्षरात काडून दे."

हा माणूस पस्तीस-चाळीस वर्षं दर गणपतीला नवी गाणी बांधतोय, परळच्या दामोदर हॉलला त्याचे शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे दोन पार्ट्यांच्या सवाल-जवाबाचे, सामने झालेत, लोकांनी तिकीट काढून ऐकलेत. त्याला लेखक कोणी म्हणत नाही आणि तोही म्हणवून घेत नाही. धंदा काय विचारलं तर शेती सांगणार.

आता यावर आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं आहेत. एक म्हणजे, अरे लोककला वेगळी, साहित्य वेगळं. दुसरं म्हणजे, ज्याच्यात खरी धमक असते तो कुठूनही वर येतो, गरिबी कोणाला अडवत नाही, बघा आपल्या कोकणाने किती लेखक दिले. पहिल्या उत्तराशी भांडत बसायला आज वेळ नाही. दुसऱ्याशी मात्र भांडायचंय, कारण ते ऐकायला छान लागतं आणि त्याच्या आड बरंच काही लपवलं जातं.

कोकणाने लेखक दिले हे खरंच आहे. पण ते जगले कशावर ते बघा ना एकदा. केशवसुत मालगुंडचे, मास्तर होते, नोकरीपायी मुंबई, खानदेशातलं फैजपूर, धारवाड असे फिरत राहिले आणि १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले. वि. स. खांडेकर मूळ सांगलीचे, पण १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते. श्री. ना. पेंडसे दापोलीजवळच्या मुर्डीचे, गाजलेल्या कादंबऱ्या तिकडच्याच मातीतल्या, पगार मात्र मुंबईच्या बेस्टचा. जयवंत दळवी आरवलीचे आणि पगार यूसिसचा, म्हणजे अमेरिकन सरकारच्या मुंबईतल्या माहिती खात्याचा. मधु मंगेश कर्णिक करूळचे, एसटीत नोकरीला होते. उर्मिला पवार रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या, त्यांची आई आयदानं विणायची म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपं, त्याच नावाचं त्यांचं आत्मकथन २००३ साली आलं, आणि त्या स्वतः नोकरीला होत्या सार्वजनिक बांधकाम खात्यात. नारायण सुर्वे तर गिरणी कामगाराने उचलून वाढवलेलं पोर, आधी महापालिकेच्या शाळेत शिपाई, मग मास्तर, १९६२ ला पहिला कवितासंग्रह आणि १९९५ ला परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष.

यातली काही माणसं खरोखर तळातून आली. पण यातलं जवळपास कोणीही नुसत्या लिखाणावर जगलेलं नाही. प्रत्येकाच्या मागे एक तारखेचा पगार होता, ज्याचा त्यांच्या लिखाणाशी काडीचा संबंध नव्हता. संपादकाने कथा साभार परत केली म्हणून बेस्टने कोणाचा पगार कापला नाही. कादंबरीला तीन वर्षं लागली तरी खात्याने विचारलं नाही की बाबा अजून किती वेळ. साडेपाचला ऑफिस सुटायचं, रजा असायची, आजारी पडलं तर पगार यायचा, म्हातारपणी पेन्शन नाहीतर फंड. आपण म्हणतो सरकारने साहित्यासाठी काही केलं नाही, पण मला वाटतं साहित्याला सगळ्यात मोठी मदत सरकारने, महापालिकेने, एसटीने आणि पोस्टाने केली, फक्त ती त्यांनी नकळत केली. कारकुनाची कायम नोकरी हीच मराठी लेखकाची स्कॉलरशिप होती. आणि ती मिळवायला बापाचा वाडा किंवा खोती असायची गरज नव्हती, मॅट्रिक पास आणि थोडी ओळख एवढ्यावर कितीतरी जण आत गेले. आता तुम्ही म्हणाल, ओळख म्हणजे तिथेही वर्ग आणि जात आलीच की. आलीच. कुणब्याच्या पोराची ओळख गिरणीत माणसं भरणाऱ्या जॉबरपर्यंत, आणि दुसऱ्या कोणाची हेडक्लार्कपर्यंत. पण निदान दार होतं.

ज्याला हे दार नीट उघडलं नाही त्याचं काय होतं ते बघायचं असेल तर कुडाळला जा. चि. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आरती प्रभू, १९३० चा जन्म, घरची खानावळ चालवत होते. लोकांना वाढायचं, हिशोब लिहायचे आणि त्यातून वेळ काढून कविता. १९५९ ला पहिला संग्रह आला, त्याच सुमारास मुंबईत आकाशवाणीत नोकरी लागली आणि दोनेक वर्षांत ती गेली. त्यानंतर ओढाताण ती ओढाताणच. १९७६ ला गेले तेव्हा वय शेहेचाळीस. साहित्य अकादमी १९७८ ला मिळालं, म्हणजे घ्यायला ते नव्हतेच. आपल्याकडे त्यांची गोष्ट सांगताना लोकांचा आवाज जरा ओलसर होतो, दुःखातूनच कशी अशी कविता येते वगैरे. मला दरवेळी एकच वाटतं, आकाशवाणीची ती नोकरी अजून पंचवीस वर्षं टिकली असती तर आपल्याला अजून किती वाचायला मिळालं असतं. दुःखातून कविता येत असेल, पण सगळं कोकण कवितेने भरून जायला हवं होतं मग, दुःखाला इथे कधी तोटा नव्हता.

तर आता ते दार कुठे आहे? माझे बाबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले, त्यातले कितीतरी आपल्याच रत्नागिरी-सिंधुदुर्गातले, आणि बाबा ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचेच. गिरणीनंतर हळूहळू बाकीचं पण गेलं. महापालिका, सरकार, बँका सगळीकडे कंत्राटी. मास्तर व्हायचं म्हटलं तर शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षं मानधनावर, प्राथमिकला ते २०२३ पर्यंत महिन्याला ६ हजार होतं, आता १६ हजार झालंय. कॉलेजात शिकवायचं तर तासिका तत्त्वावर, तास घेतला तर पैसे, मे महिन्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, आणि बिल निघणार कधीतरी. ज्या एसटीने एका कथाकाराला सांभाळलं त्याच एसटीचे कामगार २०२१-२२ मध्ये पगारासाठी आणि सरकारात विलीनीकरणासाठी पाच महिने डेपोबाहेर बसलेले आपण पाहिले. त्यांच्यातल्या एखाद्या कंडक्टरच्या डोक्यात कादंबरी असेल तर ती तिकिटाच्या मशीनवर लिहायची का?

मी पण प्रयत्न केला होता, सांगून टाकतो, म्हणजे हा जळफळाट आहे असं कोणाला वाटायचं असेल तर वाटू दे. २००९ ची गोष्ट. मुंबईत एका मालिकेच्या संवादलेखकाकडे असिस्टंट म्हणून लागलो. आम्ही तिघं होतो, एक पार्ल्याचा, एक ठाण्याची मुलगी आणि मी. राहायला लालबागला गावकीची, म्हणजे गावच्या लोकांनी मिळून ठेवलेली खोली, दहा बाय बारा, आत चौदा जण, ट्रंका भिंतीला, वळकट्या माळ्यावर, ज्याची शिफ्ट संपेल त्याने पसरायची. रात्री दहाला दिवा बंद, कारण पहाटे चारला उठणारे होते आणि त्यांची चूक काहीच नव्हती. सीन लिहायचे ते करी रोड स्टेशनच्या बाकड्यावर, लाइट असायचा आणि कोणी उठवत नसे. पैसे एपिसोड टेलिकास्ट झाल्यावर नव्वद दिवसांनी, त्या धंद्याची रीतच ती, आणि त्यातून आधी मुख्य लेखकाला मिळणार मग त्याच्याकडून आम्हाला. पार्ल्याच्या मुलाला नव्वद दिवस म्हणजे तीन महिने वाटायचे, मला ती खानावळीची तीन बिलं होती. गुणी मुलगा, डबा आणला की अर्धा मला द्यायचा, आज त्याचं नाव टायटलला येतं आणि आलं की मला बरंच वाटतं. बाबा एसटीडीवरून विचारायचे, "पगार कधी हाय?" मी म्हणायचो, येतील. ते म्हणायचे, "येतील म्हंजे? गिरनीत पन असाच बोलायचे." साडेचार महिन्यांनी मी परत आलो. पहिला चेक मी गावी पोचल्यावर निघाला, तोही सांगितलेल्याच्या अर्धा.

त्या खोलीत माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे, चांगल्या गोष्टी सांगणारे चार तरी जण होते, त्यांनी तर प्रयत्न करायचा विचारही केला नसता. हे असं गळणं कोणाला दिसत नाही, कारण जो आलाच नाही त्याची नोंद कुठे ठेवणार. नंतर मुलाखतीत विचारतात, आपल्याकडे नवीन दमाचे लेखक का येत नाहीत.

पुस्तकाचं गणित पण सांगतो, माझ्या धंद्यातलं आहे. समजा २५० रुपयांचं पुस्तक, हजार प्रती, दहा टक्के रॉयल्टी. सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाला २५ हजार, आणि सगळ्या खपायला चार-पाच वर्षं. दोन वर्षं घालून लिहिलेलं असेल तर महिन्याला हजार-अकराशे पडले. आंब्याच्या बागेत गवत काढणाऱ्याला तेवढे तीन दिवसांत मिळतात. आणि हे झालं चांगल्या प्रकाशकाचं, जो स्वतःचे पैसे घालतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना प्रकाशकाने सांगितलेलं असतं की तुम्ही चाळीस हजार द्या, आम्ही छापतो, शंभर प्रती तुम्हाला. मग छापलं कोणाचं जाणार? चाळीस हजार ज्याच्याकडे आहेत त्याचं. कोऱ्या करारावर सह्या करून आलेले पण पाहिलेत. त्यांना मी एक गोष्ट सांगतो, फुकट सल्ला, की आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, असं आहे की हक्क किती वर्षांसाठी दिले ते करारात लिहिलंच नसेल तर ते पाच वर्षांसाठीच धरतात. मास्तर लोकांना पण हे माहीत नसतं. वकील जावई असणाऱ्यांना असतं.

सरकारची नवलेखक अनुदान योजना आहे, साहित्य संस्कृती मंडळाची, ती चांगलीच आहे, पहिलं पुस्तक छापायला त्याने मदत होते. पण छापायला. कागदाला, बाइंडिंगला, आणि खरं सांगायचं तर माझ्यासारख्या डीटीपीवाल्याला. जे लिहायला दीड वर्ष लागलं त्या दीड वर्षात चूल कशी पेटली हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नाही. मी ते फॉर्म भरून देतो म्हणून सांगतो.

आता पत्रकारिता घ्या, कारण आपल्याकडे लिहिण्याची नोकरी म्हटलं की पोरांना आधी पेपर आठवतो. बाळशास्त्री जांभेकर आपल्याच देवगडातल्या पोंभुर्ल्याचे, ६ जानेवारी १८३२ ला दर्पण काढलं, म्हणून ६ जानेवारीला पत्रकार दिन. त्या दिवशी आमच्या तालुक्यात फोटोला हार घालतात, भाषणं होतात आणि त्याच आठवड्यात तालुक्याचा वार्ताहर पुरवणीच्या जाहिराती गोळा करत माझ्या दुकानात येतो. त्याला पगार नाही. जाहिरातीवर कमिशन, बातमीला काही मिळालं तर मिळालं. पेट्रोल स्वतःचं, मोबाइल स्वतःचा. मग हे परवडतं कोणाला? ज्याचं हॉटेल आहे, वाळूचा किंवा चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, ट्रक आहे, बायको शिक्षिका आहे. म्हणजे गावात कसली बातमी व्हायची आणि कसली नाही हे ठरतं कोणाचा ट्रक आहे यावरून. चिरेखाणीवरच्या मजुराचा पाय मोडला ही बातमी चिऱ्याचा ट्रकवाला कशाला देईल? वार्ताहर वाईट नसतो, त्याला पगार नसतो. एक मजुराचा मुलगा दीड वर्षं वार्ताहर होता, सुंदर बातम्या द्यायचा, अगदी आकडे विचारून, ग्रामसेवकाला भंडावून सोडायचा. आता चिपळूणला कुरिअरमध्ये आहे.

भाषेचा विषय काढला नाही तर अर्धवट राहील. आमची बोली संगमेश्वरी, खाली गेलात की मालवणी. या बोलीला शहरी मराठीत प्रवेश आहे पण तो विनोदाच्या दारातून. १९८० ला वस्त्रहरण आलं आणि मालवणीला मुंबईच्या स्टेजवर मान मिळाला, गंगाराम गवाणकर आणि मच्छिंद्र कांबळी यांचे उपकारच आहेत, मी स्वतः चार वेळा पाहिलंय आणि पोट धरून हसलोय. पण त्यानंतर असं झालं की आमच्या बोलीत बोललं की माणसं आधीच हसायला बसतात. मालिकेत गडी बोलीत बोलणार, मालक प्रमाण बोलणार. माझ्याकडे कथा टाइप करायला देणारी पोरं स्वतःच आईच्या तोंडी "तू कुठे निघालास?" लिहितात आणि आई मागे उभी राहून म्हणत असते, "आटप रे, कवा जेवतलास?" मी विचारलं तर म्हणतात, स्पर्धेला पाठवायचीय ना. त्यांनी परीक्षकाचा वर्ग बरोबर ओळखलेला असतो.

हा प्रश्न काही आज उपटलेला नाही. १८८५ साली पुण्याच्या ग्रंथकार सभेचं बोलावणं आलं तेव्हा जोतीराव फुल्यांनी जायला नकार दिला आणि त्या मंडळींना घालमोडे दादा म्हणून पत्रच लिहिलं. त्यांचं म्हणणं होतं की तुमच्या पुस्तकांत आमच्या लोकांच्या जगण्याशी मेळ बसणारं काही नाही. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, त्यांचं नाव आता संमेलनाच्या मंडपाला देतात.

यावर तरुण मंडळी म्हणतात, दादा तुम्ही जुन्या जमान्यात आहात, आता मोबाइल आहे, प्रतिलिपीसारखं लिहायचं अॅप आहे, फेसबुक आहे, कोणाला कोणाची परवानगी लागत नाही. मान्य. लिहायला परवानगी लागत नाही हे फार मोठं आहे आणि मी त्याची टिंगल करणार नाही, माझ्या ओळखीतल्या दोन बायका दुपारच्या वेळात मोबाइलवर लिहितात आणि त्यांना हजारोंनी वाचक आहेत, माझ्या सगळ्या रिटायर्ड मास्तरांचे मिळून तेवढे नसतील. पण त्यांना विचारा किती वेळ मिळतो. एक म्हणाली, घरातले जेवून झोपले की पाऊण तास. पाऊण तासात भाग येतो, कादंबरी येत नाही, आणि त्या पाऊण तासात जे येतं ते बघून मग शहरातला कोणीतरी म्हणणार की या लिखाणाला खोली नाही. अहो, खोली यायला झोप झालेली लागते.

आणि एक मुलगी आहे, तिचं सांगायचं होतं. तिची आई काजूच्या कारखान्यात काजू सोलते, बोटांना चीक लागून कातडी काळी पडलेली असते त्या बायकांची, तुम्ही पाहिली असेल. मुलीने त्याच्यावर गोष्ट लिहिली, सहा पानं, मी टाइप केली. त्यात एक वाक्य होतं की आई भाकरी थापते तेव्हा तिच्या बोटांचे ठसे भाकरीवर उमटत नाहीत. चिकाने रेषाच गेल्यात. आधार कार्डाच्या मशीनवर पण बोट लागत नाही. मी सतरा वेळा वाचलं ते. तिची पुण्याच्या एका कथा-कार्यशाळेत निवड झाली, तीन दिवसांची. ईमेल माझ्याच दुकानात उघडला, दोघं पण खुश. मग खाली वाचलं, फी साडेतीन हजार, त्यात राहणं-जेवण. जायचं-यायचं धरून पाच हजार. आणि ती स्वतः मेडिकलमध्ये कामाला, तीन दिवस खाडा म्हणजे तेही गेले, वर मालक म्हणणार दुसरी बघतो. मी म्हटलं, पैसे मी देतो, पुढे बघू. ती म्हणाली, "दादा, पैशांचा नाही ओ, आईला सांगू काय की कशाला चाललेय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॉक्टरच्या मुलीला हे सांगावं लागत नाही. तिच्या घरात कार्यशाळा हा शब्द माहीत असतो.

तिने ईमेलला उत्तर पाठवलं, काही घरगुती कारणाने येऊ शकत नाही. तिकडे त्यांच्या यादीत पुढच्या नावाला बोलावलं असणार आणि ते नाव बहुतेक पुण्यातलंच असणार. आयोजकांना मी वाईट म्हणत नाही, हॉलचं भाडं कोणाला चुकलंय. पण दोन जागांची फी माफ केली की झालं असं समजू नका. तिच्यासारखीला आणायचं तर फी माफ, भाडं हातात, आणि तीन दिवसांची बुडीत मजुरी द्यावी लागेल. नाहीतर कार्यशाळाच इकडे आणा. आपल्याकडे गावोगाव वाचनालयं आहेत, रत्नागिरीचं तर १८२८ पासूनचं, १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी क आणि ड, म्हणजे खालच्या वर्गातली कितीतरी आहेत जिथे ग्रंथपालालाच धड पगार नाही. त्याला नीट पगार दिला तर तालुक्याला एक तरी वाचणारा माणूस एक तारखेच्या पगारावर असेल. मागेच म्हटलं, साहित्य अशाच खुर्च्यांवर झालंय.

लोक विचारतात पैसे कुठून आणायचे. मागच्या डिसेंबरात आमच्या तालुक्यात एक साहित्य संमेलन झालं, त्याचं बजेट टाइप करायला माझ्याकडे आलं होतं. मंडप आणि खुर्च्या, साउंड, केटरिंग, फ्लेक्स, पाहुण्यांच्या गाड्या, स्मरणिका, फेटे, मोमेंटो, मिळून साडेतीन लाखांच्या वर. एखाद्या पोराला महिन्याला १५ हजार देऊन वर्षभर लिहायला बसवलं तर १ लाख ८० हजार लागतात. त्याच बजेटात खाली कविसंमेलन, कवी बावीस, मानधनाच्या रकान्यात आडवी रेघ. शाल आणि श्रीफळ मात्र होतं. कोकणातल्या माणसाला नारळ देऊन पाठवायचं, ज्याच्या परसात नारळ सडतायत त्याला. त्या बावीस जणांत एक रिक्षावाला होता, एक काजूगराची विक्री करणारी बाई होती, दोघांचा दिवस बुडणार होता. मंडपवाल्याला अॅडव्हान्स, साउंडवाल्याला अॅडव्हान्स, मला पण अॅडव्हान्स दिलेला.

मी काय केलं, बावीस नावांपुढची रेघ पुसून ५०० टाकले, बेरीज दुरुस्त केली, ११ हजार वाढले, प्रिंट काढून पाठवली. संध्याकाळी कार्यवाहांचा फोन. "अहो, कवींच्या रकान्यात काहीतरी पाचशे पाचशे पडलंय सगळीकडे, टायपिंग मिस्टेक असेल, तेवढं काढून परत पाठवता काय?"

मी म्हटलं, मिस्टेक नाही, तसंच आहे ते. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ठीक आहे, आम्ही रत्नागिरीतून करून घेतो.